समुद्राच्या तळचा सराटा

स्पंजाचा नखाएवढा तुकडा काचेच्या नळीत घालायचा, त्यावर तीव्र नायट्रिक ॲसिड ओतायचं आणि फ्यूम हूडखाली नळी मंद आचेवर तापवत ठेवायची. थोड्या वेळानं तांबूस वाफा निघू लागतात. प्राण्यातलं जे मांसल ते सगळं विरघळतं आणि तळाशी पांढरा, तांदळाच्या पिठीसारखा गाळ उरतो. मग तो धुवायचा. डिस्टिल्ड वॉटर घालायचं, गाळ बसेपर्यंत थांबायचं, वरचं पाणी अलगद उपसायचं, पुन्हा पाणी घालायचं. असं पाच-सहा वेळा. घाई केली तर सगळ्यांत बारीक कंटिका, म्हणजे सांगाड्याचे सुटे काटे, वरच्या पाण्याबरोबर निघून जातात, आणि जात ठरवायला नेमक्या त्याच लागतात. गोव्यात समुद्रविज्ञानाच्या एका प्रयोगशाळेत मी हे काम नऊ वर्षं करते आहे. सुट्टीत गावी, माणदेशात म्हसवडला गेले तरी पहिले दोन दिवस ॲसिडचा वास नाकातून जात नाही, चुलीच्या धुरातही तोच येत राहतो.

या गाळावर काचस्पंजांचं वर्गीकरण उभं आहे. स्पंज म्हणजे छिद्री संघातले प्राणी. जगभरात त्यांच्या ९,००० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. त्यांतला हेक्झॅक्टिनेलिडा हा काचस्पंजांचा वर्ग लहान, ६०० हून अधिक जातींचा, आणि बहुतेक सगळे खोल, थंड, काळोख्या पाण्यातले. त्यांचा सांगाडा सिलिकेचा असतो. आमच्या रानात नांगर फिरला की गारगोट्या वर येतात, त्याही सिलिकेच्याच. फरक एवढा, की गारगोटी स्फटिकांची असते आणि स्पंजाची काच बिनस्फटिकी, पाणी मुरलेली. तीन अक्ष एकमेकांना काटकोनात छेदतात म्हणून कंटिकेला सहा टोकं, हा मूळ आराखडा. पुढे कुणाची पाच टोकं उरतात, कुणाची दोनच. कुठे टोकाला फाटे फुटतात, फाट्यांच्या शेंड्यावर कुठे बारीक चकती येते, कुठे नुसता काटा राहतो. कुठे एकच टोक देवदाराच्या फांदीसारखं पिसारतं. बाहेरच्या कातडीत एक प्रकार, आतल्या पोकळीच्या अस्तरात दुसरा, मधल्या भागात तिसरा. प्रत्येक प्रकाराच्या पंचवीस-तीस तरी कंटिका मोजायच्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात.

एका दिवाळीत मी आईला मोबाइलवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला. हेक्झॅस्टर नावाची कंटिका होती, चहूबाजूंनी काटे. आईनं फोन लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाली, "ह्यो तर सराटा हाय की गं! समुद्रात बी सराटं असत्यात व्हय?"

तेव्हापासून माझ्या वहीत हेक्झॅस्टरचं नाव सराटाच आहे. 'बारीक सराटे, चकतीवाले.' 'मोठे सराटे, टोकदार, आतल्या अस्तरात.' शोधनिबंधात ग्रीक-लॅटिन शब्द जातात, जायलाच हवेत, पण फरक पकडायच्या वेळी डोळ्याला आपल्या पायात मोडलेल्या काट्याचं नाव जास्त कामाला येतं. बोरीचा काटा आकड्यासारखा वळलेला, बाभळीचा सरळ, आणि सराटा कसाही पडला तरी एक टोक वर. माणदेशातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

आमचं घर सणगरांचं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत घोंगडीचे तीन-चार माग उरले होते, त्यांतला एक आबांचा, माझ्या आजोबांचा. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, समोर ताणा. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली खळ ताण्याला कुंच्यानं लावायची आणि उन्हात वाळवायची. ताणा वाळवायला ठेवला की आम्हा पोरांना त्या बाजूला फिरकायची बंदी असे. धनगर लोकर घेऊन यायचे. कोकराची पहिली लोकर ती जावळ. जावळाची घोंगडी मऊ, तिला दाम जास्त. एकदा कुणी जावळ म्हणून पोतं आणलं. आबांनी मूठभर काढली, बोटांत चोळली आणि पुन्हा पोत्यात टाकली. "ही दुसऱ्या कातरणीची हाय. जावळाचं टोक निमुळतं लागतं. एकदा कात्री लागली की टोक बोथाटलं." पोतं आणणाऱ्यानं देवाची शपथ घेतली, पण आबा मागावरून उठले नाहीत.

आज मी रोज हेच विचारत असते, लोकरीऐवजी काचेला. हे टोक स्पंजाचं स्वतःचं आहे, की मोडलेलं? मोडलेलं टोक सपाट तुटतं आणि मध्यभागी अक्षनलिकेचं बारीक छिद्र उघडं पडतं. नैसर्गिक टोक बंद असतं, गोल किंवा काटेरी. नवख्या माणसाला दोन्ही सारखीच दिसतात. मलाही पहिलं वर्षभर दिसत होती, आणि मोडक्या कंटिकांची लांबी मोजून मी कितीतरी तक्ते भरले होते, जे नंतर टाकून द्यावे लागले.

साताऱ्यात बी.एस्सी. आणि कोल्हापुरात एम.एस्सी. झाल्यावर मी गोव्याला आले. त्या प्रवासात सांगण्यासारखं फार नाही. २०१२-१३ च्या दुष्काळाची मात्र आठवण जात नाही. म्हसवडला जनावरांची छावणी लागली होती, आमची म्हैस घेऊन वडील तिथंच राहायला गेले होते, आणि मी कोल्हापूरच्या ग्रंथालयात समुद्राच्या क्षारतेवरचा धडा वाचत होते. रात्री फोनवर वडील टँकर कधी आला, किती वाजता आला ते सांगत. समुद्र मी प्रत्यक्ष पाहिला तो त्यानंतर, बाविसाव्या वर्षी. माणगंगेचं पात्र आठ महिने कोरडं असलं तरी ती नदी आहेच. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. पावसात खडक झिजून त्यातली सिलिका पाण्यात विरघळते आणि नद्यांबरोबर समुद्रात जाते. स्पंज पाण्यातून उचलतात ती हीच विरघळलेली सिलिका. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वडिलांना फोन करून सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग आपल्या रानातली गार बी गेली आसंल की."

पहिली सफर भूशास्त्रज्ञांच्या जहाजावर झाली. त्यांना महासागराच्या मध्यावरच्या पर्वतरांगेतले खडक हवे होते आणि आम्हा दोघींना, म्हणजे आमच्या मॅडमना आणि मला, त्या खडकांवर जे काही बसलेलं येईल ते. ड्रेज म्हणजे लोखंडी चौकटीचं तोंड आणि मागे साखळ्यांची जाळी. तारेच्या टोकाला तो खाली सोडतात, तळाशी फरफटवतात आणि वर ओढतात. अडीच-तीन किलोमीटर खोलीवर हे एकदा व्हायला चार-पाच तास जातात. तार ताणली की विंचचा आवाज बदलतो. विंचवरचा रत्नागिरीचा माणूस तो आवाज ऐकूनच सांगायचा, "खडक धरला," किंवा "मोकळाच येतोय."

पहाटे तीनला ड्रेज डेकवर आला. बाहेर विषुववृत्ताजवळचा उकाडा, अंगाला घाम, आणि जाळीतल्या खडकांना हात लावला तर बर्फ. तळाशी पाणी जेमतेम दोन अंश तापमानाचं असतं, आणि ती थंडी खडक वरपर्यंत घेऊन येतात. हातमोज्यांतून बोटं बधिर झाली. खडकाच्या एका खोबणीत मला पांढरट, कोळ्याच्या जाळ्याचा गुंता वाळून कडक व्हावा तसं काहीतरी दिसलं. दोन तुकडे, एक करंगळीएवढा आणि एक त्याच्या निम्मा. त्याच ड्रेजमध्ये आणखी एक स्पंज होता, कपाच्या आकाराचा, बराच शाबूत. मॅडमनी आधी फोटो काढायला लावले, कारण अल्कोहोलमध्ये रंग राहत नाही. मग जाड कागदावर पेन्सिलीनं चिठ्ठी, अक्षांश, रेखांश, खोली, तारीख, आणि ती चिठ्ठी बाटलीच्या आत. शाईनं लिहिलं तर अल्कोहोलमध्ये पसरतं, आणि चिठ्ठी बाहेर चिकटवली तर दहा वर्षांत गळून पडते. ठिकाण हरवलेला नमुना म्हणजे नुसती काच.

बिनहातमोज्यांनी काचस्पंज धरायचा नसतो. कंटिका कातडीत घुसते, दिसत नाही, निघत नाही, चार दिवस ठसठसते. त्या रात्री घाईत मी एक मोजा काढला होता.

त्या करंगळीएवढ्या तुकड्यानं माझी दीड वर्षं घेतली. पण त्याआधी हा प्राणी जगतो कसा ते सांगायला हवं, कारण पुस्तकात त्याचा सांगाडाच जास्त भेटतो. आपल्या अंगात पेशी वेगवेगळ्या असतात, प्रत्येकीला भिंत. काचस्पंजात बहुतेक सगळं जिवंत द्रव्य एकमेकांत मिसळलेलं, एकसंध असतं, कोळिष्टकासारखं काचेच्या सांगाड्यावर ताणलेलं. त्यामुळे एका टोकाला झालेला स्पर्श विजेच्या लहरीसारखा सगळ्या अंगात जातो. मज्जातंतू एकही नसताना. कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या काचस्पंजांवर सॅली लेज आणि जॉर्ज मॅकी यांनी १९९० च्या दशकात हे दाखवून दिलं. चिखलाचे कण अंगावर आले की हा प्राणी आपला पाणी ओढायचा पंप सगळाच्या सगळा थांबवतो. खाणंही त्याच पाण्यातून, म्हणून थांबला की उपाशी. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

आणि त्याची काच. भट्टी नाही, आच नाही, दोन अंशांच्या पाण्यात प्रथिनाच्या धाग्याभोवती थरावर थर चढवून तो काच तयार करतो. 'व्हीनसची फुलांची टोपली' म्हणून प्रसिद्ध असलेल्या युप्लेक्टेलाच्या कंटिकांतून प्रकाश ऑप्टिकल फायबरसारखा वाहतो, हे २००३ साली सिद्ध झालं. मोनोऱ्हाफिस चुनी नावाचा स्पंज तर एकाच कंटिकेवर उभा असतो आणि ती कंटिका तीन मीटरपर्यंत लांब होते. 'वाल्डिविया' या जर्मन जहाजाच्या १८९८-९९ च्या मोहिमेत तो सापडला, १९०४ साली त्याला नाव मिळालं. अशा एका कंटिकेचे थर तपासून तिचं वय सुमारे ११,००० वर्षं असल्याचा अंदाज २०१२ साली शास्त्रज्ञांनी मांडला. माणसानं शेती नुकती कुठे सुरू केली त्या काळापासून तो एकच प्राणी एकाच जागी उभा. मी ते वाचलं त्या संध्याकाळी काम केलं नाही, दोना पावलाच्या धक्क्यावर जाऊन बसले.

तर तो तुकडा. ॲसिड, धुणं, स्लाइड, चिकटवायला कॅनडा बाल्सम. मोठ्या कंटिका एका ओळखीच्या प्रजातीकडे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाकडे, बोट दाखवत होत्या. पण बारीक सराट्यांत मला एक असा प्रकार दिसला, जो त्या प्रजातीत कुणीही नोंदवला नव्हता. फाटे आखूड, शेंड्यांवर गोल चकत्या, दातेरी कडा. एका स्लाइडवर सात, दुसरीवर चार. मी रात्रीपर्यंत थांबून आणखी शोधले. वसतिगृहात परतताना पाय जमिनीला लागत नव्हते. नवी जात! मी नावाचाही विचार करून ठेवला होता, आमच्या नदीवरून. ते नाव कुणालाही सांगितलं नव्हतं, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं.

चार महिने मी वर्णन लिहिलं. मोजमापं, चित्रं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी सोन्याचा मुलामा दिलेले नमुने, तुलनेचे तक्ते. मॅडम तेव्हा दुसऱ्या सफरीवर होत्या. परत आल्यावर त्यांनी मसुदा शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला.

"हे चकतीवाले तू त्याच्या अंगात बघितलेस?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, स्लाइडवर आहेत ना.

"स्लाइडवर ॲसिडनं सगळं एकत्र केलंय. कुठली कंटिका कुठून आली ते ॲसिड सांगत नाही. तुकड्याचा पातळ काप घे, न उकळता. त्यात कुठे बसलेत ते दाखव."

काप घेतले. बाहेरच्या कातडीच्या वर, चिखलाच्या पातळ थरात, दोन चकतीवाले सराटे. आत, मांसात, एकही नाही. दुसरा काप, तिसरा, आठवा. आत एकही नाही. मग मॅडमनी त्याच ड्रेजमधल्या कपाच्या आकाराच्या स्पंजाची बाटली आणायला सांगितली. त्याची स्लाइड केली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चकत्याच चकत्या. आखूड फाटे, दातेरी कडा. शेजाऱ्याच्या कंटिका.

त्या कुठून आल्या असतील? साखळ्यांच्या जाळीत दोन्ही स्पंज खडकांबरोबर तासभर घासले गेले होते, तेव्हा आल्या असतील. किंवा माझ्याकडून. मी वही काढली. दोन्ही नमुने मी एकाच दिवशी धुतले होते आणि ड्रॉपर बदलल्याची नोंद नव्हती. बदलला होता की नाही ते आठवलं नाही. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरावं लागतं. माझ्याच हातानं झालं असेल तर चार महिने मी दुसऱ्याच्या अंगावरची चकती या तुकड्याच्या नावावर लिहीत बसले होते. वहीची तीन पानं मी एका तिरक्या रेघेनं छेदली. पान फाडायचं नसतं, हा प्रयोगशाळेचा नियम आहे आणि तो मला पटतो.

मला फार लागलं. नाव गेलं म्हणून नाही, किंवा तेवढ्यासाठीच नाही. आबा मागावरून न उठता मूठभर लोकर ओळखत. मला चार महिन्यांत ओळखू आलं नव्हतं, आणि मी त्या तुकड्याला नीट विचारलंही नव्हतं.

नंतर वाचताना कळलं, की काचस्पंजांच्या अभ्यासाची सुरुवातच अशा गोंधळानं झाली आहे. जपानहून युरोपात हायलोनेमा नावाच्या स्पंजाचे नमुने जात. काचेच्या तारांचा पिळलेला दोरखंड, एका टोकाला स्पंज आणि दोरखंडावर चिकटलेले समुद्रफुलांसारखे जीव. दोरखंड कुणाचा? ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांचं ठाम मत होतं, की तो त्या फुलांसारख्या जिवांचा, आणि स्पंज हा नुसता भाडेकरू. काही जाणकारांना तर ती जपानी कारागिरांची हातचलाखी वाटली. १८६० साली माक्स शुल्ट्झे यांनी सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहून सांगितलं, की दोरखंड स्पंजाचा आहे आणि भाडेकरू ते दुसरे. कुठली काच कुणाची, हाच तिथेही प्रश्न होता, आणि तो सुटायला बरीच वर्षं गेली.

त्या तुकड्याला समजून घ्यायचं तर आता जुन्या नोंदी वाचायच्या होत्या. हिंद महासागरातल्या काचस्पंजांचा पाया 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण-जहाजानं घातला. ते १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं, मुंबईच्या सुतारांच्या आणि लोहारांच्या हातचं. १८८८ पासून काही वर्षं त्यावर आल्फ्रेड अल्कॉक हे डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञ होते. समुद्रातून वर आलेले काचस्पंज बर्लिनला फ्रान्झ आइलहार्ड शुल्ट्झे यांच्याकडे जात. या शुल्ट्झेंनी त्याआधी 'चॅलेंजर' मोहिमेतल्या काचस्पंजांवर १८८७ साली प्रचंड ग्रंथ लिहिला होता. 'इन्व्हेस्टिगेटर'च्या स्पंजांवरचा त्यांचा ग्रंथ १९०२ साली कलकत्त्याला इंग्रजीत छापला गेला. त्यातली चित्रं हातानं काढलेली आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही, संगणक नाही, आणि तरी कातडीतली कंटिका कातडीत, अस्तरातली अस्तरात, जागच्या जागी दाखवलेली. मॅडम मला जे सांगत होत्या ते या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी प्रत्येक चित्रात करून ठेवलं होतं. मी महिनाभर रोज एक-एक चित्र पेन्सिलीनं उतरवून काढलं. आजही नवीन मुलांना मी हेच करायला सांगते. फोटो काढला की पाहिल्यासारखं वाटतं. चित्र काढताना मात्र न पाहिलेली जागा कोरी राहते.

त्यानंतर शंभरेक वर्षं आपल्याकडे हे काम फार थोड्यांनी केलं. म्हणून दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतलं काम मला महत्त्वाचं वाटतं. २०१० साली सब्यसाची सौत्य आणि बबन इंगोले यांनी मॉस्कोच्या कॉन्स्टँटिन ताबाचनिक यांच्याबरोबर अंदमान समुद्रातल्या ज्वालामुखी सागरी डोंगरावरच्या काचस्पंजाचं वर्णन केलं, हायलॅस्कस अंदमानेन्सिस. हायलॅस्कस ही प्रजात हिंद महासागरातून पहिल्यांदाच नोंदली जात होती. पुढच्याच वर्षी त्याच तिघांनी कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरून, २,५८९ मीटर खोलीवरून ड्रेजमध्ये आलेल्या स्पंजासाठी नवी जातच नव्हे तर नवी प्रजातही मांडली. तिचं नाव इंडिएला. आणि त्यांच्या हातात काय होतं? तुकडेच. पण त्या कुळातल्या स्पंजांचा सांगाडा जुळून एकसंध चौकट झालेला असतो. उभे पट्टे किती थरांत आहेत, पाण्याच्या वाटा चौकटीतून कशा जातात, हे तुकड्यातही शाबूत राहतं. त्या दोन गोष्टी त्या कुळात आधी कुणी नोंदल्या नव्हत्या. त्यांनी आपला निर्णय सुट्या, इकडून तिकडे सांडणाऱ्या कंटिकांवर टाकला नाही. विणीवर टाकला.

मी तो निबंध कितीदा वाचला असेल. माझ्या तुकड्याला अशी वीण नव्हती, त्याच्या कंटिका सुट्याच होत्या. त्याचं कूळ कळलं, प्रजात बहुधा कळली, पुढे जायला पुरावा नव्हता. यादीत तो प्रजातीच्या नावापुढे नुसतं 'जात' असं लिहून ठेवला आहे. जात जाहीर करायची तर एक नमुना होलोटाइप म्हणून संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, म्हणजे शंभर वर्षांनी कुणालाही तो काढून तुमचं म्हणणं तपासता येतं. करंगळीएवढ्या, बाहेरून घासलेल्या तुकड्यावर मला ती जबाबदारी घेता आली नाही. ही हार आहे असं मला तेव्हा वाटलं होतं, आता वाटत नाही. पण तो प्राणी खाली अजून आहे, बिननावाचा, याची टोचणी मात्र कमी झालेली नाही.

टोचणीला कारण आहे. मध्य हिंद महासागराच्या तळाशी, पाच किलोमीटरच्या आसपास खोलीवर, बटाट्याएवढे धातूंचे गोळे पसरले आहेत. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या जहाजानं भारतासाठी असे गोळे पहिल्यांदा वर काढले. आज ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र शोधकामासाठी भारताकडे आहे, २००२ च्या करारानं. २०२१ साली मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेत ते गोळे वर आणण्याच्या यंत्रांवरही काम चालू आहे. देशाला धातू लागणार, हे मला कळतं. दुष्काळी गावातल्या मुलीला गरज म्हणजे काय हे कुणी शिकवू नये. पण तो गोळा दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर वाढतो, आणि मैलोन् मैल पसरलेल्या मऊ चिखलात पाय रोवायला काचस्पंजाला कठीण जागा मिळते ती त्याच गोळ्यावर. गोळा उचलला की त्याच्यावरचा स्पंज जातो. उरलेल्यांवर चिखलाचा धुरळा बसतो, आणि धुरळा बसला की ते आपला पंप थांबवतात, हे आधी सांगितलंच. कोण जाईल आणि कोण थांबेल याची यादी यंत्र खाली उतरण्याच्या आधी हवी. ती यादी ॲसिडच्या नळीपाशी तयार होते, तासाला दोन-तीन स्लाइडच्या वेगानं, आणि देशात ही नळी धरणारे हात मोजके आहेत. पदं निघतात ती डीएनए तपासणाऱ्यांची. डीएनए हवंच, त्यानं कितीतरी चुका टळतात. पण मिळालेला क्रम ज्याच्याशी ताडून पाहायचा त्या प्राण्यालाच कुणी नीट ओळखून नाव दिलेलं नसेल, तर यंत्र 'जुळत नाही' एवढंच सांगून थांबतं.

मागच्या मार्गशीर्षात रथाला गावी गेले होते. सिद्धनाथाचा रथ, 'चांगभलं'चा गजर, खोबरं-गुलाल, पायाखाली वाळू. आबा आता नाहीत. त्यांचा माग मोडून लाकडं माळ्यावर टाकली आहेत, खड्डा बुजवून तिथं आई शेळी बांधते. आबांनी विणलेली शेवटची घोंगडी मी गोव्याला घेऊन आले. दमट हवेत तिला कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा उन्हात टाकते, आणि उचलताना बोटं आपोआप काठाशी जाऊन टोकं चाचपतात.

या जूनमध्ये प्रयोगशाळेत सावंतवाडीची एक मुलगी आली. पुढच्या सफरीवर ती जाणार आहे, माझा तुकडा आला त्याच पर्वतरांगेवर. या वेळी ड्रेजबरोबर कॅमेरा लावलेलं वाहनही खाली जाणार आहे, म्हणजे स्पंज खडकावर उभा असतानाच दिसेल आणि अलगद, एकटा, वेगळ्या डब्यात वर येईल. मी तिला माझ्या तुकड्याची बाटली दाखवली आणि वहीही दिली. तिनं पानं चाळली, रेघ मारलेल्या तीन पानांपाशी थांबली.

"ताई, हे का खोडलंत?"

मी सांगितलं. चकत्या, कपाचा स्पंज, ड्रॉपरची नसलेली नोंद, सगळं. शेवटच्या पानावरचं नावही तिनं वाचलं, त्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. दुपारी आम्ही सरावासाठी दोन जुने नमुने उकळायला घेतले. पहिली नळी धुऊन झाली. तिनं हातातला ड्रॉपर कचऱ्याच्या डब्यात टाकला, नवं पाकीट फोडलं, आणि वहीत वेळ लिहिली.